नाताळचं खरं झाड कोणतं?



आज बोलायचंय नाताळच्या झाडाबद्दल. ज्यांच्या घरी नाताळ असतो त्यांनी तर ऐकावंच, पण ज्यांच्या घरी इंदल, होळी, दिवाळी, तुळशीचं लग्न असतं त्यांनीही रेडिओ बंद करू नये. ही गोष्ट लांबच्या देशात फिरून शेवटी आपल्याच अंगणात येणार आहे.

सुरुवात एका बैठकीपासून करते. मागच्या डिसेंबरात नवापूर तालुक्यातल्या एका गटाची मासिक बैठक होती. हजेरी झाली, बचत गोळा झाली, हप्ते नोंदवून झाले. मग कर्ज कोणाला हवंय, असं विचारलं. एक ताई म्हणाली, "मला सातशे रुपये पाहिजेत." कशासाठी, ते सांगेना. कर्जाचं कारण वहीत लिहावं लागतं, म्हणून सचिवताईंनी पुन्हा विचारलं. तेव्हा ती खाली बघत म्हणाली, "झाड घ्यायचंय. नाताळचं. प्लास्टिकचं."

दोघी-तिघी हसल्या. "अगं, जंगलात राहतेस आणि झाडाला कर्ज काढतेस?"

तिचं म्हणणं असं होतं. दरवर्षी तिच्या घरी सुरूची एक फांदी यायची. तिच्या सासऱ्यांनी शेताच्या बांधावर सुरूची चार झाडं लावलेली आहेत. तेलाच्या रिकाम्या डब्यात वाळू भरायची, त्यात फांदी उभी करायची, रंगीत कागदाच्या पताका आणि कापसाचे गोळे लावायचे, शेंड्याला पुठ्ठ्याची चांदणी बांधायची. इतकी वर्षं हेच झाड. पण वसतिगृहात शिकणारी मुलगी सुट्टीत घरी आली आणि म्हणाली, "आई, हे खरं ख्रिसमस ट्री नाहीच. मैत्रिणींना दाखवायची लाज वाटते."

गटानं कर्ज मंजूर केलं. लेकीच्या लाजेवर सातशे रुपये खर्च करायचे की नाही, हे आईनं ठरवायचं असतं. पण बैठक संपताना अध्यक्षताई माझ्याकडे वळल्या. "ताई, तुमचा तर बी.ए.ला इतिहास होता. मग सांगा, नाताळचं खरं झाड कोणतं असतं?"

मला सांगता आलं नाही. त्यानंतर मी वाचत गेले, विचारत गेले. जे हाती लागलं ते आज सांगते.

पहिली गोष्ट. येशूच्या जन्माची जी कथा बायबलमध्ये आहे, तिच्यात हे झाड नाहीच. गव्हाण आहे, मेंढपाळ आहेत, तारा आहे. आपण ज्याला नाताळ म्हणतो तो शब्द पोर्तुगीज. 'नाताल' म्हणजे जन्म. पोर्तुगीजांनी गोव्यात राज्य केलं, वसईतही १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षं केलं, आणि त्यांच्याबरोबर हा शब्द आपल्या भाषेत आला. त्यांच्या नाताळात मोठा मान गोठ्याला. गवत पसरून, मातीची गुरं, मेंढरं, बाळ येशू मांडून केलेला देखावा. इटलीतल्या ग्रेच्चो गावात संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये असा गोठा उभा केला, तिथून तो सगळीकडे गेला. गोव्यात आणि वसईत आजही गोठा मांडतात. म्हणजे नाताळ हा शब्द आपल्याकडे आला तेव्हा नाताळचं झाड त्याच्याबरोबर नव्हतं. ते मागाहून आलं, आणि दुसऱ्याच वाटेनं.

ती वाट जर्मन मुलखातली. तिथे २४ डिसेंबर हा आदाम आणि हव्वा यांचा दिवस मानत. त्यांच्या गोष्टीचं नाटक करत. गोष्टीत बागेतलं फळांनी लगडलेलं झाड लागतं, आणि डिसेंबरात तिकडच्या झाडांवर पान नसतं. मग जे एक झाड हिवाळ्यातही हिरवं राहतं ते फरचं झाड आणायचं आणि त्याला सफरचंदं बांधायची. पुढे हे झाड घरात आलं. स्ट्रासबर्ग शहरातलं १६०५ मधलं वर्णन आहे. लोक बैठकीच्या खोलीत फरची झाडं उभी करतात आणि त्यांवर कागदी गुलाब, सफरचंदं, पातळ पापड्या, साखरेचे पदार्थ टांगतात, असं त्यात लिहिलंय. आज बाजारात लाल चकचकीत गोळे मिळतात ना, त्यांचा मूळपुरुष म्हणजे ते सफरचंद असं मानतात.

म्हणजे नाटकवाल्यांनी फळझाड मिळत नव्हतं म्हणून जवळचं झाड घेतलं. सुरुवातच बदली झाडानं झाली.

आणि जर्मन मुलखात तरी सगळीकडे फर होतं का? तसंही नाही. तिथे एक रीत आजही आहे. ४ डिसेंबरला, संत बार्बाराच्या दिवशी, चेरीच्या उघड्या फांद्या कापून घरात पाण्यात ठेवायच्या. घरातल्या उबेनं त्यांना नाताळपर्यंत फुलं येतात. आणखी एक रीत लाकडी मनोऱ्याची. काठ्यांची चौकट बांधायची, तिला हिरवा पाला गुंडाळायचा आणि मेणबत्त्या लावायच्या. झाडच नाही, झाडाचा सांगाडा.

आता मैत्रिणींनो, या इतिहासातला जो भाग वाचून मला सगळ्यात मौज वाटली तो सांगते. हे झाड एका देशातून दुसऱ्या देशात नेण्यात सुनांचा मोठा हात आहे. माहेरची रीत सासरी नेणाऱ्या सुना.

लिझेलोट नावाची एक जर्मन राजकन्या होती. १६७१ मध्ये तिचं लग्न फ्रान्सच्या राजाच्या भावाशी झालं. १७०८ मध्ये, म्हातारपणाकडे झुकल्यावर, तिनं आपल्या मुलीला पत्र लिहिलं. त्यात हानोव्हरमधल्या लहानपणाच्या नाताळची आठवण आहे. टेबलांवर बॉक्सची झाडं ठेवत आणि प्रत्येक फांदीला छोटी मेणबत्ती लावत. बॉक्स म्हणजे बागेत कुंपणाला लावतात तसलं बारीक पानांचं झुडूप. राजवाड्यातलं नाताळचं झाड, आणि ते कुंपणाच्या जातीचं! छत्तीस-सदतीस वर्षं सासरी काढूनही माहेरचं ते झुडूप ती विसरली नव्हती.

दुसरी शार्लट. हीही जर्मन. १७६१ मध्ये इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याची राणी होऊन गेली. तिच्या माहेरी यू नावाच्या झाडाची फांदी सजवत. इंग्लंडात गेल्यावरही तिनं तीच रीत चालवली. १८०० मध्ये विंडसरला मुलांसाठी मेजवानी केली, तेव्हा फांदीऐवजी यूचं अख्खं झाड मोठ्या कुंडीत उभं केलं. त्याला बदाम-मनुकांच्या कागदी पुड्या, फळं, खेळणी आणि मेणाच्या वाती लावल्या. आता हे यूचं झाड इंग्लंडात कुठे असतं ठाऊक आहे? चर्चच्या आवारात, कबरींच्या शेजारी. शिवाय पाला विषारी. आपल्याकडे एखाद्या सुनेनं स्मशानाजवळचं झाड दिवाणखान्यात आणलं असतं तर सासूबाई काय म्हणाल्या असत्या, तुम्हीच विचार करा.

तिसरी हेलेना. तीही जर्मन, शार्लटच्याच मेक्लेनबुर्ग मुलखाकडची. १८३७ मध्ये फ्रान्सच्या युवराजाशी लग्न होऊन पॅरिसला गेली आणि तिकडच्या राजघराण्यात झाड घेऊन गेली. लिझेलोटच्या आठवणीतलं झाड फ्रान्सच्या राजवाड्यात यायला आणखी एक सून यावी लागली.

शेवटी राणी व्हिक्टोरिया. हिचा नवरा जर्मन, आईही जर्मन. १८४८ मध्ये लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात तिचं, नवऱ्याचं आणि मुलांचं झाडाभोवती उभं असलेलं चित्र छापून आलं. ते झाड फरचं होतं. लोकांनी चित्र पाहिलं आणि तसंच झाड घरोघर आलं. १८५० मध्ये अमेरिकेतल्या एका महिला मासिकानं तेच चित्र थोडं बदलून छापलं. राणीचा मुकुट काढला, नवऱ्याच्या मिशा काढल्या, म्हणजे ते साध्या अमेरिकन घरासारखं दिसावं. त्या चित्रानं अमेरिकेत झाडाचा प्रसार झाला.

आपल्या लेकीच्या पुस्तकात जे टोकदार, तिकोनी, बर्फ पडलेलं झाड असतं ते या चित्राच्या वंशातलं. चित्र छापलं गेलं म्हणून ते झाड 'खरं' ठरलं. कुंपणाचं झुडूप, कबरस्तानातला यू, चेरीच्या फांद्या यांची चित्रं इतकी छापली गेली नाहीत, म्हणून ती मागे पडली.

मग जर्मनीत दुसरी अडचण आली. जो तो फर तोडू लागला. काही जण मोठ्या झाडाचा नुसता शेंडाच छाटून नेत. शेंडा गेला की झाडाची सरळ वाढ खुंटते. जंगलाची हानी व्हायला लागली. तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिकडच्या लोकांनी काय केलं? हंसांची पिसं हिरवी रंगवली, तारेला गुंडाळून फांद्या केल्या आणि त्या लाकडी दांडक्यात खोचल्या. पिसांचं झाड! जर्मन माणसं पुढे ते अमेरिकेतही घेऊन गेली. ज्यांनी फर जगाला दिलं, त्यांनीच जंगल वाचवायला पिसांचं झाड केलं, आणि त्यांचा नाताळ काही बिघडला नाही.

आता आपल्याकडे येऊ. आपला हा भाग तेव्हा पश्चिम खानदेश म्हणवायचा. नंदुरबार जिल्हा तर १ जुलै १९९८ ला झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात नंदुरबार-नवापूरकडे स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनची माणसं आली. स्वीडनमध्ये जन्मलेल्या फ्रेड्रिक फ्रान्सन यांनी १८९० मध्ये अमेरिकेतल्या शिकागोत ही संस्था सुरू केली होती. स्वीडन, नॉर्वे हा तर फर-स्प्रूसच्या जंगलांचाच मुलूख. आणि इथे काय? साग, मोह, पळस, सलई, बांबू. आपल्या देशात फर आणि स्प्रूस उगवतात ते हिमालयात. आपल्या सातपुड्याच्या उन्हाळ्यात ते तगायचं नाही.

म्हणून हिंदुस्थानात नाताळचं झाड जागेप्रमाणे बदललं. काही ठिकाणी आंब्याला, केळीलाच सजवतात. कोकणात, गोव्यात, मुंबईकडे सुरूची फांदी. लांबून सुरू फरसारखा दिसतो, पण त्याचा फरशी काही संबंध नाही. सुरूच्या हिरव्या काडीला जरा ओढून बघा, ती गाठीगाठीत सुटते. ती पानं नव्हेतच, बारीक डहाळ्या आहेत. खरी पानं म्हणजे गाठीवरचे इवलेसे खवले. आणि सुरूही इथला नाही. त्याचं घर ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाचा किनारा. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर, कारवारकडे, १८६८ च्या सुमारास त्याची लागवड सुरू झाली ती जळणासाठी, आगगाडीच्या इंजिनात घालायला. इंजिनाचं सरपण म्हणून आलेलं झाड नाताळच्या दिवशी घरात मानानं उभं राहिलं.

शहरातल्या रोपवाटिकेत 'ख्रिसमस ट्री' म्हणून कुंडीत जे मजल्यामजल्याचं झाड विकतात ते अरौकारिया. ते प्रशांत महासागरातल्या बेटांवरचं. कॅप्टन कुकच्या जहाजानं १७७४ मध्ये ती बेटं पाहिली, तेव्हा या सरळसोट झाडांची डोलकाठी चांगली होईल, असं खलाशांना वाटलं होतं. आणि तिसरं आपल्या ओळखीचं, मोरपंखी. लहानपणी विद्या येते म्हणून पुस्तकात ज्याची डहाळी ठेवायचो, तेच. त्याचं मूळ घर चीनकडे. तेही पुष्कळ घरांत नाताळला सजतं.

न्यूझीलंडमध्ये तर डिसेंबरात उन्हाळा असतो. तिथे पोहुतुकावा नावाचं झाड त्याच वेळी लाल फुलांनी भरून जातं. तिकडचे लोक त्यालाच नाताळचं झाड म्हणतात. तोडत नाहीत, घरात आणत नाहीत. ते समुद्रकाठी उभं असतं आणि आपोआप सजतं.

हे सगळं मी पुढच्या बैठकीत सांगितलं. तेव्हा एक वयस्क मावशी म्हणाल्या, "मग यात नवीन काय? आमच्या इंदलला कळंबाच्या फांद्या आणून रोवतात, रात्रभर पूजा होते, गाणी होतात. काठीच्या होळीला उंच बांबू आणून उभा करतात. झाड आणून उभं करायचं आणि त्याच्याभोवती जमायचं, हे आम्हाला कोणी शिकवायला नको."

त्या मावशी नाताळ करत नाहीत. आणि जिला झाड हवं होतं ती ताई इंदल करत नाही. पण दोघींना एकमेकींचं म्हणणं लगेच कळलं. इंदल वेगळी, नाताळ वेगळा, दोन्हीची सरमिसळ मला करायची नाही. मात्र सणाला हिरवी फांदी दारात असावी असं वाटणं, हे दोघींचं सारखंच होतं.

मग एकेक जण बोलू लागली. एकीनं आपट्याचं सांगितलं. दसऱ्याला आपटा मिळेनासा झाला, म्हणून बाजारात कांचनाची पानं सोनं म्हणून विकतात, आणि दोन्ही झाडं ओरबाडली जातात. दुसरीनं वटपौर्णिमेचं सांगितलं. शहरातल्या बायका वडाची फांदी विकत आणून पूजतात, आणि आपण उभ्या वडाला सूत गुंडाळतो. पूजा दोन्हींची होते, पण एकीचं झाड दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जातं, दुसरीचं पुढच्या वर्षी पुन्हा सावली द्यायला उभं असतं.

आणि एक ताई, जी कधी बैठकीत फारसं बोलत नाही, ती म्हणाली, "मी लहान असताना आम्ही ऊसतोडीला बारडोलीकडे जायचो. नाताळ पडावावरच यायचा. तिथे कुठलं झाड? आई उसाचे वाढे जमवायची, पाच-सहा एकत्र बांधायची, झोपडीच्या तोंडाशी रोवायची. साबणाच्या वेष्टणांच्या पताका करायची. सकाळी बैल ते खाऊन टाकायचे."

सगळ्या हसल्या. तीही हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "आम्हाला तेच खरं वाटायचं."

मैत्रिणींनो, अध्यक्षताईंच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे. नाताळचं झाड कधीच एका जातीचं नव्हतं. जिथे जे हाताशी होतं ते माणसांनी घेतलं. राणीनं यू घेतला, जर्मन घरांनी पिसं घेतली, पडावावरच्या आईनं वाढे घेतले. राणीचं झाड खरं आणि त्या आईचं खोटं, असं इतिहास सांगत नाही.

आता चार कामाच्या गोष्टी.

सुरूची फांदी घ्यायची असेल तर आपल्या स्वतःच्या झाडाची, बाजूची घ्या. शेंडा छाटू नका. सुरूच्या वाशाला किंमत असते ती त्याच्या सरळपणाला. वनखात्याच्या हद्दीतलं झाड असेल तर विचारल्याशिवाय हात लावू नका.

शक्य असेल तर उभं झाडच सजवा. अंगणातला आंबा, लिंब, शेवगा, काहीही चालेल. सण झाला की तार, दोरी, प्लास्टिकच्या पट्ट्या आठवणीनं काढा. बांधलेली तार वाढत्या फांदीला आवळत जाते, आणि प्लास्टिक शेळ्या खातात.

तोडायचंच असेल तर घाणेरी तोडा. शेतात, जंगलात तिनं नको तितका पसारा केलाय. तिच्या वाळक्या काटक्यांचा सांगाडा बांधून त्याला कागद, पाला लावता येतो. जर्मन लोकांच्या लाकडी मनोऱ्याचीच ही बहीण. आपल्या भागात बांबूचं काम करणारे कोटवालिया कारागीर आहेत. त्यांच्याकडून बांबूची चांदणी किंवा झाडाचा सांगाडा करून घेतला तर पैसा गावातच राहील. फिलिपिन्स देशात नाताळला बांबू आणि कागदाची चांदणीच मुख्य असते. आपल्या आकाशकंदिलासारखीच ती दिसते.

ज्या गटांची रोपवाटिका आहे त्यांच्यासाठी एक सूचना. अरौकारियाला गिऱ्हाईक आहे, पण त्याच्या बाजूच्या फांदीपासून रोप करू नका. ती मुळं धरते, पण वर वाढत नाही, आडवीच पसरत राहते. सरळ झाड हवं असेल तर बियांपासून किंवा शेंड्यापासून रोप करावं लागतं.

आणि कोणतंही झाड असो, वाळक्या फांदीजवळ मेणबत्ती नको. सुरू वाळला की भडकन पेटतो. इंजिनाचं सरपण होतं ते, विसरू नका.

शेवटी त्या ताईचं सांगते. तिनं ते प्लास्टिकचं झाड आणलं. मुलगी खूश झाली. कर्ज तिनं चार हप्त्यांत फेडलं, एकही हप्ता चुकवला नाही. आता ते झाड जुन्या साडीत गुंडाळून माळ्यावर ठेवलंय. मी तिला म्हटलं, टाकू नको, नीट जपून दहा वर्षं वापर, म्हणजे पैसे वसूल होतील. ती म्हणाली, "ते तर वापरेनच. पण कबरस्तानातल्या झाडाची गोष्ट मी पोरीला सांगितली. तर म्हणते, आई, यंदा तो सुरूचा डबापण भर. ते झाड घरात राहील, सुरू दाराशी."

डब्यात वाळू भरून झाली आहे म्हणे.

तुमच्या घरी सणाला कोणतं झाड, कोणती फांदी येते? आजी काय आणायची, आई काय आणायची? पुढच्या बैठकीत एकमेकींना विचारा आणि वहीत लिहून ठेवा. कर्जाचं कारण आपण लिहितो, तसं हेही लिहायला हवं.